हायलाइन लीश

हायलाइन लीश हा हायलाइन या साहसी क्रीडाप्रकारातील सुरक्षादोर होय. दोन कड्यांच्या, सुळक्यांच्या किंवा इमारतींच्या दरम्यान उंचावर ताणलेल्या सपाट पट्टीवरून चालणाऱ्या व्यक्तीच्या कमरेचा हार्नेस या दोराने पट्टीशी जोडलेला असतो. दोराच्या खालच्या टोकाला धातूची कडी असते. पट्टी या कडीतून ओवलेली असल्यामुळे चालणारा जसजसा पुढे जातो तसतशी कडी त्याच्या मागून घसरत येते. तोल जाऊन व्यक्ती पडली, तर ती लीशला लटकून राहते.

हायलाइनच्या उभारणीत जवळजवळ प्रत्येक घटक दुहेरी ठेवण्याची प्रथा आहे. मुख्य पट्टीखाली राखीव पट्टी असते आणि दोन्ही टोकांना एकाहून अधिक आधारबिंदू असतात. एक जोड निकामी झाला तरी दुसऱ्याने भार घ्यावा, हा त्यामागील हेतू होय. कडीपासून कमरेपर्यंतचा दीड मीटर मात्र बहुधा एकाच दोराचा, एकाच गाठीचा आणि एकाच हार्नेसचा असतो. त्यामुळे लीशची निवड, बांधणी आणि देखभाल यांना या खेळात असाधारण महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

स्लॅकलाइन हा खेळ १९७० च्या दशकाच्या अखेरीस व १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील प्रस्तरारोहकांमध्ये रुजला. कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोरे हे त्याचे प्रमुख केंद्र होते. गिर्यारोहणासाठी आणलेली पट्टी दोन झाडांना बांधून तिच्यावर तोल सांभाळण्याचा हा विरंगुळा पुढे उंचीवर गेला. स्कॉट बाल्कम यांनी १९८५ मध्ये योसेमिटीतील लॉस्ट ॲरो स्पायर या सुळक्यापासून समोरच्या कड्यापर्यंतची हायलाइन पार केली. हायलाइनच्या इतिहासातील हा पहिला मोठा टप्पा मानला जातो.

डोंबाऱ्याच्या खेळातील दोर आणि सर्कशीतील तार घट्ट ताणलेली असते, आणि बहुधा हातातील काठीने तोल साधला जातो. फिलिप पती यांनी १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमध्ये केलेले चालणे तारेवरचे होते. त्यात सुरक्षादोर नव्हता. स्लॅकलाइनची पट्टी लवचिक असते, ती चालणाऱ्याच्या भाराने खाली झुकते व बाजूंना हेलकावते. तिच्यावर पडणे हा अपवाद नसून सरावाचाच भाग असतो, म्हणून लीशही आरंभापासून या खेळाचा भाग राहिली. लीशविना चालण्याचा 'फ्री सोलो' प्रकार डीन पॉटर यांच्यासारख्या मोजक्या खेळाडूंनी केला. तथापि तो सर्वसाधारण प्रघात नव्हे.

लीशचे काम केवळ नवशिक्यांपुरते नाही. एस्टोनियाचे यान रोझे यांनी जुलै २०२४ मध्ये इटलीतील मेसिनाची सामुद्रधुनी ३.६ किलोमीटरहून अधिक लांबीच्या स्लॅकलाइनवरून पार केली. पलीकडचे टोक सुमारे ८० मीटरवर असताना ते पडले. लीशने त्यांना सावरले, ते पुन्हा पट्टीवर चढले आणि त्यांनी उरलेले अंतर पूर्ण केले. न पडता पार करण्याच्या अटीमुळे विक्रम मात्र त्यांच्या नावावर लागला नाही.

रचना

लीशचे तीन भाग असतात: दोर, कडी आणि दोन्ही टोकांच्या गाठी. दोर साधारणतः ९ ते ११ मिलिमीटर जाडीचा, आत गाभा व बाहेर विणलेले आवरण असलेला नायलॉनचा गिर्यारोहण-दोर असतो. त्याचे वरचे टोक हार्नेसच्या पुढील दोन्ही बंधनबिंदूंतून ओवून बांधतात. तेथून दोर दोन पायांमधून मागे जातो आणि टाचेमागे पट्टीवर असलेल्या कडीला मिळतो.

कडी मुख्य आणि राखीव अशा दोन्ही पट्ट्यांभोवती असणे आवश्यक असते. केवळ मुख्य पट्टी तिच्यात ओवली असेल आणि तीच तुटली, तर राखीव पट्टी जागेवर असूनही चालणाऱ्याच्या उपयोगाची राहत नाही. कडी अखंड असते, तिला कॅराबिनरसारखे उघडणारे तोंड नसते. कॅराबिनर पट्टीवरून घसरताना उलटसुलट फिरतो. त्यामुळे त्याचे तोंड पट्टीशी घासून उघडण्याचा किंवा भार त्याच्या लांबीऐवजी आडव्या दिशेने, म्हणजे त्याच्या दुबळ्या बाजूवर येण्याचा संभव असतो. अखंड कडीमुळे मात्र एक गैरसोय उत्पन्न होते. ती हायलाइन उभारतानाच पट्टीत ओवावी लागते आणि पट्टी उतरवेपर्यंत तेथेच राहते. परिणामी एक लीश दिवसभरात अनेक जण वापरतात आणि प्रत्येक जण ती नव्याने हार्नेसला बांधतो. या अदलाबदलीचा धोका पुढे सांगितला आहे.

लीशवर येणारा भार

समजा, चालणाऱ्याची कंबर पट्टीपासून १ मीटर उंच आहे आणि लीश १.५ मीटर लांब आहे. तो पडल्यास लीश ताठ होईपर्यंत कंबर १ मीटर पट्टीपर्यंत आणि १.५ मीटर तिच्याखाली, अशी एकूण २.५ मीटर खाली येते. त्या क्षणी वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर असतो. पडण्याच्या अंतराला दोराच्या लांबीने भागून जो पतनगुणांक मिळतो, तो येथे सुमारे १.७ येतो. गिर्यारोहणाच्या दोराची ईएन ८९२ या युरोपीय मानकानुसार जी पतनचाचणी घेतात, तिचा गुणांकही याच्या आसपास आहे. म्हणजे कागदावर पाहता हायलाइनवरचे प्रत्येक साधे पडणे प्रयोगशाळेतील कठोर चाचणीइतके तीव्र ठरते.

प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण लीशचे दुसरे टोक खडकाला बांधलेले नसून लवचिक पट्टीवर असते. पडणाऱ्याची बरीचशी ऊर्जा लांबलचक पट्टी खाली झुकून शोषून घेते. शेकडो मीटर लांबीच्या नायलॉनच्या हायलाइनवर पडणे म्हणूनच आश्चर्यकारक वाटेल इतके मऊ असते. यातून असा समज होतो की लीश कोणतीही चालते. हा समज घातक आहे. आखूड हायलाइन, फार घट्ट ताणलेली किंवा कमी ताणली जाणारी पट्टी आणि टोकाच्या आधाराजवळची जागा, या तिन्ही ठिकाणी पट्टी पुरेशी झुकत नाही. तेथे झटक्याचा मोठा वाटा लीशला आणि शरीराला सोसावा लागतो. शिवाय आधाराजवळ पडणारी व्यक्ती कड्यावर आपटण्याची शक्यताही असते. चालायला आरंभ करतानाची व पलीकडे पोहोचण्यापूर्वीची काही पावले या दृष्टीने सर्वांत जोखमीची असतात, मग मधली दरी कितीही भीतिदायक दिसो.

अनुभवी खेळाडू तोल जाताच पट्टी हातापायांनी पकडतात, त्यामुळे त्यांच्या लीशवर क्वचितच पूर्ण भार येतो. नवशिका मात्र दिवसातून अनेकदा थेट लीशवर पडतो. सरावाच्या हायलाइनवरील लीश म्हणूनच विक्रमी हायलाइनवरील लीशपेक्षा लवकर झिजते.

निवड

दोराची निवड दोन प्रकारांतून केली जाते. झटका बसताच ताणला जाणारा डायनॅमिक दोर ईएन ८९२ मानकाखाली येतो, तर कमी ताणला जाणारा सेमी-स्टॅटिक दोर ईएन १८९१ खाली. या दुसऱ्या मानकातील 'अ' प्रकारच्या दोराने गाठीविना २२ किलोन्यूटन आणि टोकाला बांधणी असताना १५ किलोन्यूटन भार पेलणे अपेक्षित असते. ८० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचा स्थिर भार सुमारे ०.८ किलोन्यूटन असतो, हे लक्षात घेतले तर या आकड्यांतील वाव कळतो. सेमी-स्टॅटिक दोराचे आवरण बहुधा जाड असते व ते घर्षणाला अधिक टिकते. डायनॅमिक दोर आखूड किंवा घट्ट हायलाइनवर झटका सौम्य करतो. सरावासाठीची, विविध हायलाइनवर वापरली जाणारी लीश घ्यायची असल्यास डायनॅमिक दोर अधिक सुरक्षित ठरतो. डायनीमा या नावाने परिचित असलेल्या पॉलिएथिलीनच्या धाग्यांचे स्लिंग लीश म्हणून वापरू नये. ते अतिशय मजबूत असले तरी जवळजवळ ताणले जात नाही आणि सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळते. नायलॉनचा वितळणबिंदू २०० अंशांहून अधिक आहे.

लांबी ठरवताना दोन गरजा परस्परांविरुद्ध जातात. लीश आखूड असेल तर उभे राहताना किंवा हात वर करून तोल सावरताना ती ताठ होते आणि चालणाऱ्यालाच ओढते. लांब असेल तर पडण्याचे अंतर वाढते, सैल फास पायाखाली येतो, आणि पडल्यावर हात पट्टीपर्यंत पोहोचत नाही. ही शेवटची अडचण वाटते त्याहून गंभीर आहे. स्वतः वर चढू न शकणारी व्यक्ती दरीच्या मध्यावर लटकून राहते आणि दुसऱ्याने कप्पी घेऊन तिच्यापर्यंत जावे लागते. हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिल्यास पायांतील रक्ताभिसरण अडते. थकलेल्या किंवा बेशुद्ध माणसाच्या बाबतीत ही स्थिती जिवावर बेतू शकते. त्यामुळे लटकलेल्या अवस्थेत हात उंचावला की कडी किंवा पट्टी हाताला लागावी, इतकीच लांबी ठेवण्याचा प्रघात आहे. उंची व हाताची लांबी प्रत्येकाची वेगळी असल्याने दुसऱ्याची लीश वापरणाऱ्याने आधी किनाऱ्याजवळ लटकून ही लांबी पारखणे इष्ट असते.

कडी पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची असते. पोलादाची घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असल्याने पोलादी कडी जड होते, पायामागे ओढल्यासारखी वाटते आणि पडताना शरीराला लागली तर इजा करते. ती झिजते मात्र फार सावकाश. ॲल्युमिनियमची कडी हलकी असते, पण धूळ बसलेल्या पट्टीवर तिला लवकर खाच पडते. कडीचा आतील व्यास पुरेसा मोठा हवा, कारण राखीव पट्टी मुख्य पट्टीला ठिकठिकाणी टेपने बांधलेली असते आणि लांब हायलाइनमध्ये पट्टीचे तुकडे एकमेकांना जोडलेले असतात. या जोडांवर अडणारी कडी चालणाऱ्याला अचानक मागे खेचते. काही जण एकाऐवजी दोन कड्या वापरतात. त्याने कडीपुरता दुहेरीपणा साधतो, परंतु दोन कड्यांच्या फटीत बोट सापडण्याची शक्यता वाढते.

कडी गिर्यारोहणाच्या साहित्यातील, भारक्षमता कोरलेली व जोड नसलेली असावी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी वेल्ड केलेली लोखंडी कडी दिसायला भक्कम असते. तथापि वेल्डमधील पोकळी बाहेरून दिसत नाही आणि तिची कोणी चाचणीही घेतलेली नसते. लीशच्या एकूण खर्चात कडीचा वाटा अल्प असताना तेथे केलेली बचत अनाकलनीय म्हणावी लागेल.

बांधणी आणि चालण्यापूर्वीची तपासणी

हार्नेसकडील टोकास ओवून बांधलेली आठाची गाठ वापरली जाते. ही गाठ मजबूत असते आणि तिचे दोन समांतर पदर डोळ्यांनी सहज मोजता येतात. दुसऱ्याने दुरून पाहूनही चूक ओळखावी, हा तिचा मोठा गुण होय. गाठीबाहेर दोराचे टोक किमान दहा सेंटिमीटर उरावे लागते. कडीकडे आठाची गाठ किंवा कडीला घट्ट आवळणारी गाठ बांधतात. हे टोक कायम बांधलेले राहते.

धोका प्रामुख्याने हार्नेसकडील टोकास असतो, आणि त्याचे कारण दोराची ताकद नसून माणसाचे लक्ष हे आहे. एक जण परत येतो, गाठ सोडतो, लीश पुढच्याच्या हातात देतो. तो गाठ बांधू लागतो, तेवढ्यात कोणी हाक मारते, छायाचित्रासाठी थांबवते किंवा बूट काढायचे राहिलेले असतात. आठाचा पहिला आकडा दोरात आधीच असल्यामुळे, ओवायचे राहिलेले टोकही ओझरत्या नजरेला पूर्ण गाठीसारखे भासते. अपुरी गाठ चालताना काहीही जाणवू देत नाही, कारण चालताना लीशवर भार नसतोच. ती प्रथमच पारखली जाते ती पडण्याच्या क्षणी.

यावर उपाय साधा आहे. गाठ बांधायला घेतल्यावर ती पूर्ण होईपर्यंत कोणाशीही न बोलण्याची शिस्त अनेक गटांत पाळली जाते. त्यानंतर दुसरी व्यक्ती हार्नेसचे बक्कल, दोन्ही बंधनबिंदूंतून गेलेला दोर, गाठीचे पदर आणि कडीतून गेलेल्या दोन्ही पट्ट्या हात लावून तपासते. शेवटी चालणारा पट्टीवर बसून, कड्यावरून पूर्ण बाहेर जाण्यापूर्वी लीशवर आपला सर्व भार देऊन पाहतो. ही तपासणी शंभराव्या वेळीही तितक्याच नेमाने करावी लागते, आणि तीच सर्वाधिक टाळली जाते. २०१५ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय स्लॅकलाइन संघटना या खेळातील अपघातांची माहिती संकलित करून सुरक्षाविषयक मार्गदर्शन प्रसिद्ध करते.

पडताना कडी पकडण्याचा मोह टाळावा लागतो. कडी व पट्टी यांच्यामध्ये बोटे चिरडण्याची शक्यता असते. लीशचा फास पायाभोवती किंवा दंडाभोवती आवळला गेल्यास दोराच्या घर्षणाने कातडी भाजते. म्हणून प्रत्येक वेळी पट्टीवर उठून उभे राहण्यापूर्वी लीश पायांमधून मोकळी मागे गेली आहे ना, हे पाहिले जाते. झुकलेल्या पट्टीवर उताराकडे चालताना कडी घसरून पावलांच्या पुढे येते, तेव्हाही अडखळण्याचा संभव असतो.

देखभाल

लीशची झीज सर्वत्र सारखी होत नाही. मधला दोर वर्षभराने नव्यासारखा दिसू शकतो आणि त्याच वेळी कडीजवळचे पाच सेंटिमीटर निकामी झालेले असू शकतात. तेथे दोर कडीच्या धातूवर वळतो, गाठ पट्टीला घासते आणि प्रत्येक पडण्याचा भार त्याच वळणावर येतो. गाठ महिनोन्‌महिने न सोडल्यामुळे आतली बाजू दिसतही नाही. म्हणून ठरावीक काळाने ही गाठ सोडून आतील दोर पाहणे, झिजलेले टोक कापून टाकणे आणि नव्याने बांधणे आवश्यक असते. त्यासाठी आरंभीच दोर थोडा अधिक लांब घेतला जातो. कडीजवळच्या वळणावर नळीसारख्या विणलेल्या पट्टीचे संरक्षक आवरण चढवण्याची पद्धत उपयुक्त आहे. मात्र ते सरकवून खालचा दोर पाहता आला पाहिजे. गाठीवर चिकटपट्टी गुंडाळून ती झाकून टाकणे गैर होय. त्याने झीज थांबत नाही, केवळ दिसेनाशी होते.

दोराची तपासणी डोळ्यांपेक्षा हाताने अधिक चांगली होते. दोर बोटांतून हळूहळू सरकवत प्रत्येक ठिकाणी लहान वळण देऊन पाहतात. निरोगी दोर गोलाकार वळतो. एखाद्या जागी तो दुमडल्यासारखा मोडत असेल, पोकळ किंवा चपटा लागत असेल, तर आवरण शाबूत असूनही आतील गाभा दुखावलेला असतो. आवरणातून पांढरा गाभा दिसू लागणे, वितळून चकाकणारा कडक डाग पडणे किंवा आवरण गाभ्यावरून सरकू लागणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास दोर बाद करावा.

कडीवरून नख फिरवल्यास खाच आणि तिची धार लगेच जाणवते. गाठ घट्ट असेल तर कडी नेहमी एकाच स्थितीत लटकते आणि पट्टी तिच्या त्याच भागावर घासत राहते. गाठ नव्याने बांधताना कडी फिरवून दुसरी बाजू खाली आणल्यास झीज वाटली जाते. खाचेची तीक्ष्ण कड ही कडीपेक्षा पट्टीसाठी अधिक धोकादायक असते, कारण ती प्रत्येक पावलागणिक पट्टीचे धागे ओरबाडते. वाळू किंवा मुरुमाची धूळ असलेल्या जागी हे फार वेगाने घडते.

नायलॉनला सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी हानी पोहोचते. लीश पट्टीवरच राहत असल्याने हायलाइन जितके दिवस उभी, तितके दिवस ती उन्हात असते. चालणे संपल्यावर ती सावलीच्या टोकाला ओढून पिशवीत झाकून ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय आहे. नायलॉन भिजल्यावर त्याची ताकद कमी होते आणि झटका शोषण्याची क्षमता त्याहून अधिक घटते. भिजलेली लीश वाळल्याशिवाय गुंडाळून ठेवू नये. धुण्यासाठी कोमट पाणी व सौम्य साबण पुरेसा असतो. वाळवणे सावलीत आणि हवेशीर जागी करतात. ब्लीच, पेट्रोल आणि विशेषतः आम्ल यांपासून दोर दूर ठेवावा. बॅटरीतील आम्लाचा वाफाराही नायलॉनला घातक ठरतो आणि त्याचा परिणाम अनेकदा डोळ्यांना दिसत नाही. गिर्यारोहणाचे साहित्य मोटारीच्या डिकीत किंवा घरातील इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी ठेवण्याची सवय या दृष्टीने अयोग्य आहे. समुद्राजवळील हायलाइननंतर दोर व कडी गोड्या पाण्याने धुणे आवश्यक असते, अन्यथा मिठाने ॲल्युमिनियमवर खड्डे पडतात.

वापरातून काढणे

दोर तयार करणाऱ्या कंपन्या न वापरलेल्या दोरालाही बहुधा दहा वर्षांची कमाल मर्यादा घालतात. नियमित वापरातील लीश त्याच्या कितीतरी आधी बाद होते. सरावाच्या हायलाइनवर काही महिन्यांतच तिचा दोर बदलावा लागू शकतो. दोराच्या टोकाला वापर सुरू केल्याची तारीख लिहिलेली लहान चिठ्ठी लावल्यास अंदाजावर विसंबावे लागत नाही. मेळाव्यांमध्ये एकच लीश अनेक अनोळखी व्यक्ती वापरतात आणि तिचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो. अशा वेळी आपली स्वतंत्र लीश उभारणीच्या वेळीच पट्टीत ओवून घेणे किंवा किमान कडीकडील गाठ सोडून पाहण्याची मागणी करणे रास्त ठरते.

बाद केलेला दोर तसाच अडगळीत ठेवल्यास तो पुन्हा कोणाच्या तरी हाती लागतो. म्हणून त्याचे हातभर लांबीचे तुकडे केले जातात. ते गाठींच्या सरावासाठी वापरता येतात.